कवटीचा पतंग यंदाही आला नाही

वर्तमानपत्रात द्यायचा निधनवार्तेचा मजकूर आपल्या पुतण्याने, योगेशने, लिहून आणला तेव्हा त्यात तुमच्या नावाआधी 'निसर्गप्रेमी' असं होतं. मी तो शब्द खोडला. त्याला वाटलं, जागा वाचावी म्हणून खोडला. पण तो शब्द तुम्हाला सोसला नसता, हे मला माहीत आहे. तुम्ही स्वतःला एका पतंगाचे गुन्हेगार समजत होतात आणि मी ते मानायला तयार नव्हते. आपलं शेवटचं भांडण तेच होतं. ते मिटलं नाही. खोडलेल्या शब्दाच्या जागी मी दुसरं काही लिहिलं नाही.

तुम्हाला लिहायचं म्हणजे तुम्हाला ठाऊक असलेलंच पुन्हा लिहायचं. तरी लिहिते, कारण हे ईरा आणि निहार वाचतील. त्यांच्या शाळा चालू होत्या, म्हणून आपला लेक अभिजित एकटाच आला आणि दिवसकार्य आटोपून परत गेला. आपली नातवंडं तिकडे कॅनडात बसून अक्षराला अक्षर लावून मराठी वाचतात. तुमच्याशी बोलता बोलता मी मधेच त्यांच्याकडे वळले, तर राग मानू नका. वर्गातही मी पहिल्या बाकावरच्या मुलीशी बोलत असले, तरी लक्ष शेवटच्या बाकाकडे असायचं.

तर मुलांनो, आधी तो पतंग. तुमच्या तळहातावर बसला तर तळहात जवळजवळ झाकून टाकील एवढा मोठा. अंग जाड, पोटावर पिवळे पट्टे, आणि पाठीवर, मानेच्या खाली, माणसाच्या कवटीसारखा फिकट डाग. दोन डोळ्यांच्या खोबणी, खाली जबडा. हातात धरला तर तो उंदराच्या पिल्लासारखा चिरकतो. मधमाश्यांच्या पोळ्यात शिरतो, मध पितो आणि बहुतेक वेळा सुखरूप बाहेर येतो. त्याची अळी तिळाच्या झाडावर वाढते, बोटाएवढी जाड, शेपटाला वाकडं शिंग. तो इथला कायमचा रहिवासी नाही. पाऊस सरत आला की लांबून वाऱ्याबरोबर यायचा. एखाद्या वर्षी पुष्कळ, एखाद्या वर्षी एकही नाही. नक्की कुठून येतो हे तुमच्या आजोबांना कधी सांगता आलं नाही, आणि जे सांगता येत नाही ते ते सांगत नसत.

पाठीवर असा डाग असल्यावर लोक गोष्टी सांगणारच. नंदुरबारमध्ये आपल्या गल्लीत हा यमाचा निरोप्या. तो घरात आला की आजारी माणसाच्या खोलीचं दार लावायचं, कडुलिंबाचा पाला जाळायचा, लहान मुलांना मागच्या खोलीत न्यायचं. मी नाशिकची. इंग्रजी घेऊन एम.ए. झालेली. लग्न होऊन आले तेव्हा मला या सगळ्याचं हसू यायचं, आणि तुम्हीही हसायचात. पण सातपुड्यात त्याची गोष्ट निराळी होती. ती मी तुमच्याबरोबरच ऐकली.

तुमची नेमणूक तेव्हा वर डोंगरात होती, शेतीखात्यात. दिवाळीच्या सुट्टीत मी ट्रंक घेऊन आले आणि तुम्ही मला नर्मदेच्या काठाकडे, मणिबेलीच्या अंगाला असलेल्या एका पाड्यावर घेऊन गेलात. रूमाल्याच्या घरी आपण उतरलो होतो. रूमाल्या तुमच्याच वयाचा, तुम्हाला वाटा दाखवणारा आणि तुमच्यापेक्षा जास्त थट्टेखोर. दिवेलागणीला आपण भाकरी खात होतो आणि तो पतंग कंदिलावर येऊन आदळला. मी ताट घेऊन मागे सरकले. रूमाल्याच्या आईने मात्र घाई केली नाही. तिने कंदिलापुढे सूप आडवं धरलं, त्याचे पंख भाजू नयेत म्हणून. तो कुडाच्या भिंतीवर बसला. मग ती त्याच्याशी बोलायला लागली. आवाज घरच्या माणसाशी बोलतानाचा. तुम्ही माझ्या कानाशी लागून मराठीत सांगत होतात: गाय व्याली, वासरू चांगलं आहे. धाकटा ऊसतोडीला गुजरातेत गेला. मोठ्या मुलीचं ठरलंय, पण मुलाकडचे आढेवेढे घेताहेत.

हा पोस्टमन आहे का, असं मी विचारलं. तुम्ही मला गप्प केलंत. तो मेलेल्या माणसांकडून येतो, घर कसं चाललंय ते बघायला. त्याला घरची खबर सांगायची, तो ती परत नेतो, एवढंच तुम्ही सांगितलंत. कुणाची जायची वेळ आलेली असेल तर तो त्याला सोबत नेतो, वाट दाखवतो. त्यात भ्यायचं काय, असं त्या बाईचं म्हणणं. बोलता बोलता तिने माझ्याकडे हात केला आणि आणखी काही सांगितलं. रूमाल्या खो खो हसला. तुम्ही ते मराठीत सांगायला तयार होईनात. खूप आग्रह केल्यावर सांगितलंत: साहेबाने बायको आणली, पण फारच बारीक आहे, हिला काही कामाला लावता येईल असं वाटत नाही.

मेलेल्या माणसांपर्यंत माझी ही ख्याती पोचली असणार, असं म्हणून तुम्ही पुढे आयुष्यभर मला चिडवलंत.

नंतर जे झालं ते तुमच्या कामाचा भाग होतं. तुम्ही वाईट काम करत नव्हतात, हे मी तेव्हाही म्हटलं होतं आणि आजही म्हणते. तीळ वाढवायचा होता. त्या पाड्यांवर तिळावरची अळी कुणी काढत नसे. ती निरोप्याची पोर, तिला कसं मारायचं? ती पानं खाऊन नुसत्या काड्या ठेवायची आणि लोक बघत बसायचे. तुम्ही त्यांना गोळा करायचात. अळी चिमटीत धरून रॉकेल घातलेल्या पाण्याच्या डब्यात टाकायचात आणि म्हणायचात, बघा, मला काही झालं का? लोक म्हणाले, आज नाही, पुढच्या वर्षी होईल. पुढच्या वर्षी तुम्ही तेवढेच ठणठणीत त्यांच्यापुढे उभे राहिलात. त्याच्या पुढच्या वर्षीही. तुमचा ताठ कणा, तुमची सायकल, डोंगर चढताना न लागणारी धाप, हेच तुमचं भाषण होतं. साहेबाला काही होत नाही, असं पाड्यापाड्यावर झालं. मग लोकही अळ्या वेचायला लागले. पुढे औषधाची भुकटी आली, मग फवारे आले. तुम्हाला बक्षीस म्हणून घड्याळ मिळालं. ते तुम्ही रूमाल्याला देऊन टाकलंत, त्याला वेळ बघता येत नव्हती तरी.

सरदार सरोवराचं पाणी चढलं तेव्हा तो पाडा गेला. रूमाल्याला वर जागा मिळाली, खडकाळ. तिथे तीळ झाला नाही. इकडे खाली मैदानात तीळ मागे पडून कापूस आला, मग पपई. तुम्ही निवृत्त झालात आणि मोकळा वेळ मिळाल्यावर एका पावसाळ्याच्या शेवटी तुमच्या लक्षात आलं, की कवटीचा पतंग दिसून फार काळ लोटला. तुम्ही शोधायला लागलात. देवळाच्या दिव्याखाली, पेट्रोलपंपाच्या उजेडात, खांडबाऱ्याच्या स्टेशनवर. सगळ्या जातीचे पतंग सापडायचे, तो नाही. घरी येऊन तुम्ही चहा घेत बसायचात आणि मी काही विचारायच्या आत म्हणायचात, नाही.

मग एक दिवस तुम्ही ते बोलून टाकलंत. आपण त्यांना मारायला शिकवलं म्हणून तो यायचा थांबला.

मला राग आला. तुम्ही नको तो बोजा उचलताय असं वाटलं. मी म्हणाले, "तुम्ही स्वतःला फार मोठं समजता. इतक्या लांबून वाऱ्याबरोबर येणारा जीव तुमच्या एकट्यामुळे यायचा थांबेल?"

"एकटा कुठे," तुम्ही म्हणालात. "प्रत्येक तालुक्यात माझ्यासारखा एक होता."

याची उत्तरं मला पुढे सुचली, पुष्कळ. धरणाचं उत्तर, पिकांचं उत्तर, पावसाचं उत्तर. स्थलांतर करणाऱ्या जिवांचं गणित आपल्याला कळत नाही, हेही उत्तर. ती सगळी मी तुम्हाला दिली, कधी जेवताना, कधी रिक्षात, कधी दुसऱ्याच्या लग्नात. तुम्ही ऐकून घ्यायचात आणि शेवटी म्हणायचात, एक दिसला की मी तुझं सगळं मान्य करीन. एकच. म्हणजे अजून तो येतो, मी त्याला संपवलेलं नाही, एवढं मला कळेल. जाण्याआधी एवढी सुटका झाली तर बस.

जाण्याआधी हा शब्द तेव्हा बोलायची पद्धत म्हणून होता.

सुरतेच्या डॉक्टरांनी सांगितल्यावर आपण पॅसेंजरने परत येत होतो. तुम्ही खिडकीशी. मला वाटलं, तुम्ही स्वतःचा विचार करत असाल. पण तुम्ही शेतं बघत होतात. खांडबारा गेल्यावर माझ्याकडे न पाहताच म्हणालात, कुठेही तीळ नाही, आपण पेरू या.

रनाळ्याचं वावर योगेशच कसतो. तुम्ही त्याच्याकडे एक कोपरा मागितलात आणि अट घातलीत: फवारा नाही. योगेशने डोकं खाजवलं. तो तुम्हाला नाही म्हणणारा नाही, पण खोटी आशा दाखवणाराही नाही. तो म्हणाला, "काका, तीळ पेरसूत आपण. पण शेजारना वावरमा फवारा चालूच ऱ्हास. वारा काय आपलं ऐकस का?" तुम्ही म्हणालात, ज्या वाऱ्याने फवारा येतो त्याच वाऱ्याने तोही येतो, बघू कोण आधी पोचतं.

तीळ उगवला, गुडघ्याएवढा झाला, फुलं धरली. योगेश आपल्याला गाडीने न्यायचा. बांधावर खुर्ची टाकायची, तुम्हाला बसवायचं आणि मी तिळात शिरायचं. जन्मात मी शेतात पाऊल टाकलं नव्हतं. मोतीबिंदू काढल्यापासून माझी नजर तुमच्यापेक्षा चांगली, म्हणून मी तुमचे डोळे. पान उलटं कर, खालून बघ, शेंड्यापासून बघू नकोस, मधून बघ. तुम्ही खुर्चीतून हुकूम सोडत होतात आणि मी इस्त्रीच्या साडीत वाकून पानं उलटत होते. पानं गुंडाळणारी बारीक अळी सापडायची. केसाळ सुरवंट सापडायचे. प्रत्येक सापडलेला जीव मी ओरडून सांगायचे, तुम्ही नाव सांगायचात आणि म्हणायचात, पुढे.

एका सकाळी मला कुरतडलेली पानं दिसली. नुसती भोकं नव्हती, पान देठापर्यंत साफ. खाली मातीवर काळसर लेंड्या. मी त्या पदरात घेऊन तुमच्याकडे जवळजवळ धावत आले. तुम्ही हात पुढे केलात. तुमच्या तळहातावर मी अळीची विष्ठा ठेवली आणि आपण दोघं श्वास धरून तिच्याकडे बघत बसलो. संसारात आपण एकमेकांना बऱ्याच गोष्टी दिल्या, पण इतक्या आदराने कुठलीच दिली नसेल. तुम्ही ती बोटाने फिरवलीत, चिमटीत दाबलीत, नाकाशी नेलीत. मग हात झटकलात. लहान आहे, म्हणालात. दुसऱ्या कुणाची तरी आहे. 

त्याच सुमारास समोरच्या मथुराकाकू रोज यायला लागल्या. तुमच्यासाठी कळण्याची भाकरी नाहीतर लापशी आणायच्या, आणि पायरीवरूनच विचारायच्या, "पाखरू ऊनं का, बाई?" आपण पतंगासाठी तीळ पेरलाय ही बातमी गल्लीभर झाली होती आणि निम्म्या लोकांना वाटत होतं, की दुखण्याने तुमच्या डोक्यावर परिणाम झाला. मी नाही म्हटलं, की काकूंचा चेहरा उजळायचा. त्या तुमच्या कॉटपाशी बसायच्या आणि सांगायच्या, "मंग काय चिंता नही, भाऊ. त्यानाबिगर तुमले कोन लई जाई?"

तुम्हाला त्याची मोठी गंमत वाटायची. तुम्ही त्यांना मुद्दाम विचारायचात, आणि आलाच तर? काकू म्हणायच्या, मी झाडू घेऊन बसली आहे ना. त्या गेल्यावर तुम्ही मला म्हणालात, सबंध गल्लीत त्याची वाट बघणारा मी एकटाच आहे. मी म्हणाले, मीही बघते आहे. तुम्ही माझ्याकडे पाहिलंत. मला वाटलं, आता काही बोलाल. पण तुम्ही पाणी मागितलंत.

खरंच बघत होते का मी वाट? हे तुम्हाला कधी सांगता आलं नाही, म्हणून आता सांगते. सकाळी तिळात शिरताना मला तो हवा असायचा, तुमच्यासाठी. संध्याकाळी दिवे लागले, की तो येऊ नये असं वाटायचं. मथुराकाकूंचं बोलणं माझ्यात कधी शिरलं मला कळलं नाही. एम.ए. झालेली बाई मी. पण दिव्याभोवती काही फडफडलं की आधी तुमच्या श्वासाकडे कान जायचा आणि मग दिव्याकडे नजर.

शेवटच्या आठवड्यात तुम्हाला रनाळ्याला नेणं शक्य नव्हतं. कॉट पुढच्या खोलीत खिडकीपाशी आणली. योगेश आणि त्याची बायको मनीषा आपल्याकडेच राहायला आली होती. तुम्हाला समोरचं माणूस आवाजाने कळायचं, चेहऱ्याने नाही. संध्याकाळ होती, नुकती ट्यूब लावली होती. काकू पायाशी बसून तळव्यांना तेल चोळत होत्या. खिडकीतून काहीतरी मोठं आत आलं, ट्यूबवर आपटलं, खोलीभर फिरलं आणि तुमच्या उशाच्या भिंतीवर उंच जाऊन बसलं.

मनीषा मला म्हणाली, "काकू, देखा. ऊनं."

मथुराकाकूंचे हात थांबले. तेलाची वाटी त्यांनी छातीशी धरली. झाडू त्यांना आठवला नाही. तुम्ही मान वळवायचा प्रयत्न केलात. तुमचा चेहरा, मला सांगू द्या, इतका मोकळा मी कितीतरी दिवसांत पाहिला नव्हता. तुम्ही विचारलंत, "तोच का?"

योगेश माझ्या मागे येऊन उभा राहिला. अगदी हळू म्हणाला, "काकू, हो म्हनी द्या ना. त्यासले आते कोठे दिसस?"

त्याचं चुकलं नाही. चांगला मुलगा आहे. तो जे मागत होता ते कुठलाही प्रेमाचा माणूस मागेल. पण तुम्ही त्याला विचारलं नव्हतं, मनीषालाही नाही. तुम्ही म्हणालात, "तू बघ. पाठीवर बघ."

मी योगेशचा टॉर्च घेतला आणि भिंतीवर धरला. हिरवा होता. इतका सुंदर हिरवा, मखमलीवर पाणी सांडून वाळल्यासारखा, त्यात फिकट गुलाबी पट्टा. पाठ साफ होती. कुठे खोबणी नाही, जबडा नाही. तुम्हीच मागे आपल्या अंगणात दाखवला होता मला. कण्हेरीवर वाढणारा. तोही लांबचा प्रवास करणारा, पण तो नव्हे.

मी म्हणाले, "नाही. हिरवा आहे. कण्हेरीवरचा."

काकूंनी सुटल्यासारखा श्वास सोडला. तुम्ही मग म्हणालात, "बरोबर पाहिलंस." आणि तोंड भिंतीकडे वळवलंत.

त्यानंतर तुम्ही पाणी मागितलंत, अभिजितचं विमान कधी पोचतंय ते विचारलंत, पण माझ्याशी म्हणून काही बोललात ते तेवढंच. बरोबर पाहिलंस. शाबासकी होती ती, की निराशा? शिकवलेलं मला आलं याचं समाधान होतं, की आता पुरे असं म्हणणं होतं? मी ते वाक्य वेगवेगळ्या आवाजांत म्हणून पाहिलंय. मुलींना कविता शिकवताना मी सांगायचे, ओळीचा अर्थ आवाजात असतो. तुमचा आवाज इतका क्षीण होता, की त्यात अर्थ मावला नसावा.

मी हो म्हटलं असतं तर तुम्ही सुटला असता. तुमच्या मनातला तो खटला निकाली निघाला असता, माझी सगळी उत्तरं तुम्ही मान्य केली असती, आणि जे काही थोडे तास उरले होते ते तुम्ही हलके होऊन काढले असते. हे मला त्या भिंतीसमोरही कळत होतं. तरी मी नाही म्हटलं, आणि पुन्हा ती वेळ आली तर नाहीच म्हणेन. कारण मी हो म्हटलेलं तुम्ही मानलं असतं. मी कधी खोटं सांगणार नाही, या भरवशावर तुम्ही मला विचारलंत. तुमच्या सुटकेसाठी मला तोच भरवसा वापरावा लागला असता, आणि तो मोडल्यावर माझ्याजवळ तुमचं काय उरलं असतं? आता तो आहे. त्याचं काय करायचं मला माहीत नाही. तो शाबूत आहे, एवढंच.

तुम्ही पहाटे गेलात. घरात काही आलं नव्हतं. हिरवाही आदल्या रात्रीच निघून गेला होता.

आता पुढचं ऐका. तुम्ही असता तर पोट धरून हसला असता, म्हणून सांगते. दहाव्याला बायका जमल्या तेव्हा मथुराकाकू सगळ्यांना सांगत होत्या, की पाखरू आलं होतं. भाऊंच्या उशाशी बसलं, भाऊंनी त्याच्याकडे पाहिलं, आणि मग भाऊ गेले. ज्याने पाखराची पोरं मारली त्याला ते न्यायला आलं, आणि रागाने नव्हे, मानाने. मी मध्ये बोलले, की तो हिरवा होता, पाठीवर काही नव्हतं. काकूंनी माझ्या पाठीवरून हात फिरवला. म्हणाल्या, "बाई, तुमना डोळास्ले पानी व्हतं. मी देखं ना. पाठवर कवटी व्हती." बाकीच्या बायकांनी माझ्याकडे कीव करून पाहिलं. आठवड्याच्या आत ती गोष्ट भाजीबाजारात पोचली. आपल्या दूधवाल्यानेच ती मला नव्याने सांगितली, आणि त्याच्या गोष्टीत पतंग दोन होते.

म्हणजे बघा. शेतात तो नाही, डोंगरात नाही, स्टेशनच्या दिव्याखाली नाही. पण गोष्टीत तो मजेत आहे, आणि वाढतो आहे. गोष्टीला तीळ लागत नाही.

परवा रूमाल्या आला. आता काठी घेऊन चालतो, नातू त्याला एस.टी.त बसवून देतो. बराच वेळ तुमच्या फोटोसमोर बसला. चहा प्यायला, मग मला विचारलं, न्यायला कोण आलं होतं. गल्लीतली गोष्ट त्याच्या कानावर गेलेली असणार, तरी त्याने मला विचारलं. मी म्हणाले, कुणी नाही आलं. तो हिरवा होता. रूमाल्या वाद घालत बसला नाही. फक्त म्हणाला, "मग साहेबाला वाट कोणी दाखवली?" मी म्हणाले, मला माहीत नाही. तोही म्हणाला, त्याला माहीत नाही. त्याच्या आईला न्यायलाही कोणी आलं नव्हतं, धाकट्या भावालाही नाही. आता कुणालाच न्यायला येत नाही, म्हणाला. सगळे आपले आपले जातात. एस.टी.ची वेळ झाली होती, मी त्याच्याबरोबर कोपऱ्यापर्यंत गेले.

ईराने फोनवर मला हेच विचारलं. तिला कुणा चुलत भावंडाने ती गोष्ट कळवली होती. आजी, तो कवटीचा मॉथ खरंच आजोबांना घ्यायला आला होता? तिच्या आवाजावरून तिला तो यायला हवा होता. लहान मुलीला आजोबा एकटे गेले हे आवडत नाही. बाळा, नाही आला, मी म्हणाले. ती मग म्हणाली, पुढच्या वर्षी येईल? मी म्हणाले, मला वाटत नाही. ईरा, तू हे वाचशील तेव्हा मोठी झालेली असशील. मी तुला गोड उत्तर दिलं नाही म्हणून तू तेव्हा रडलीस, हे तुझ्या आईने सांगितलं मला. आजोबांनाही दिलं नव्हतं. ज्यांच्यावर जीव आहे त्यांनाच मी ते देत नाही. बाकीच्यांना देते.

आता शेवटची बातमी, आणि ती तुम्हाला माझ्याकडूनच कळायला हवी. तीळ कापला. पेंढ्या उभ्या करून वाळवल्या, झोडपल्या, चांगला निघाला; अळीच नव्हती, तर निघणारच. योगेश काल आला होता. बराच वेळ चपलेने फरशी घासत उभा राहिला. मग विचारलं, की काकांचा तो कोपरा पुढच्या खेपेला तसाच ठेवायचा का. तुम्ही म्हनशात तर तीळच टाकसू, म्हणाला. नाहीतर बाकीच्या वावरात पपई आहे, तिला तेवढा तुकडा आडवा येतो, पाण्याच्या नळ्यांना वळसा पडतो. तो मागत नव्हता. मी पपई नको म्हटलं असतं तर वर्षानुवर्षं मुकाट्याने तीळ पेरत राहिला असता, तुमच्या नावाने.

मी तिळात पुन्हा वाकून पानं उलटताना स्वतःला मनात पाहिलं. बांधावर खुर्ची नाही. सापडलं तर ओरडून कुणाला सांगायचं नाही, आणि सापडायचं तर नाहीच.

मी त्याला पपई लाव म्हटलं.

तुम्ही असता तर यावर मोठं भांडण झालं असतं. मी म्हणाले असते, एका कोपऱ्याने काय होणार आहे. तुम्ही काहीतरी एवढंसं उत्तर दिलं असतं, ज्यावर मला दिवसभर काही सुचलं नसतं. कालपासून मी ते उत्तर शोधते आहे. माझी बाजू मला पाठ आहे, ती मी स्वयंपाकघरात, अंगणात, कुठेही मांडते. तुमची मात्र मला नीट मांडता येत नाही.